ड्रेसाजचा घोडा वाशावरून: हौसेच्या छोट्या उड्या सुरू करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घोडा काही नवा नाही. इथे घोडागाडीच्या शर्यती होतात, वरातीला घोडी लागते. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माऊलींच्या पालखीसाठी आळंदीला चालत जातात. नवे आहेत ते शेतघरावर हौसेने घोडा ठेवून ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर सपाटीवर चालण्या-वळण्याची कला, शिकणारे. त्यांच्याकडचा घोडा बहुतेकदा पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो, क्वचित मारवाडी किंवा काठियावाडी. वर्ष-दोन वर्षं सर्कल, लेग-यील्ड, शोल्डर-इन अशा सपाटीवरच्या कसरती करून झालं की घोडा कंटाळतो. स्वारही कंटाळतो, फक्त तो कबूल करत नाही. हा लेख अशा जोडीसाठी आहे. स्पर्धा डोक्यात नको. गुडघाभर उंचीची उडी मजेत मारता आली म्हणजे झालं.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. ड्रेसाजचा घोडा आज्ञाधारक असतो. पुढचं पाऊल लांब टाकायचं की आखूड, मान कुठे धरायची, कुठे वळायचं हे सगळं तो स्वाराला विचारून करतो. उडीत मात्र शेवटची दोन पावलं त्याची स्वतःची असतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही. वासा त्याने थोडा आधीच पाहून ठेवलेला असतो, आणि तो नीट पाहायला मान थोडी वर-पुढे नेण्याची मोकळीक लागते. तुम्ही सवयीने मान गोल करून धरली, तर तो आंधळेपणाने उडी मारेल किंवा मारणारच नाही. म्हणून या सगळ्या खटाटोपात घोड्यापेक्षा स्वारालाच जास्त शिकावं लागतं: सरळ रेषेत आणायचं, ताल राखायचा आणि मग गप्प बसायचं.

उडीने ड्रेसाज बिघडतं अशी भीती अनेकांना असते. ईव्हेंटिंग या खेळात एकच घोडा ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो-जंपिंग असं तिन्ही करतो. बेंगळुरूचा फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये याच खेळात २३वा आला. त्याच्या घोड्याने तिथे ड्रेसाजही केलं आणि उड्याही मारल्या. तेव्हा ती भीती सोडा. मला तर उलट अनुभव आहे: आठवड्यातून एकदा वाशांवरून गेलेल्या घोड्याची पाठ जास्त मोकळी चालते आणि कँटरला (संथ दौडीला) मागचे पाय पोटाखाली जास्त आत येतात.

घोडा तयार आहे का

पहिलं काम डॉक्टरांचं. गुरांच्या डॉक्टरांना घोड्याची फारशी सवय नसेल, तर सवय असलेले शोधा, एखादा दिवस थांबावं लागलं तरी चालेल. रेसकोर्सवरून आलेल्या घोड्याच्या पुढच्या पायांच्या नसा (म्हणजे टेंडन, रक्तवाहिन्या नव्हेत) आणि सांधे नीट दाबून, चालवून, ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) पळवून पाहायला सांगा. जुनी नस फाटलेली असेल तर तो सपाटीवर वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि उडीच्या उतरणीला लंगडतो. घोडा पाच वर्षांच्या आतला असेल, तर जमिनीवरच्या वाशांपुढे जाऊ नका. नालबंदालाही सांगून ठेवा. नाल झिजलेले किंवा ढिले असतील, तर ते बदलेपर्यंत उडी नाही.

शिक्षणाची अट साधी आहे. घोडा दोन्ही बाजूंना तालात ट्रॉट करतो का, दोन्ही लीडवर (कधी डावा, कधी उजवा पुढचा पाय पुढे टाकत) कँटर उचलतो का, सरळ रेषेत सरळ राहतो का, आणि लगाम लांब सोडला तर पळत सुटण्याऐवजी मान खाली-पुढे लांबवतो का? शेवटचं जमत नसेल, तर आधी तेच महिनाभर करा.

जागा आणि दिवस

आपल्याकडे माती हा मोठा प्रश्न आहे. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते, वर भेगा पडतात. पावसात तीच पायाला किलोकिलोने चिकटते. खानापूरकडची तांबडी माती पाण्याचा निचरा बरा करते, पण सारखा घोडा फिरला की दबून सिमेंटसारखी होते. उडीच्या उतरणीला पुढच्या पायांवर वजन येतं आणि जमीन टणक असेल तर तो दणका सांध्यांत जातो. जमीन फार खोल आणि पोकळ असेल तर नसा ताणतात.

उपाय शेतातलाच आहे. कुळवाच्या दोन पाळ्या घालायच्या, खडे-धोंडे वेचायचे आणि वरून फळी फिरवायची. खुराचा ठसा दोन-तीन सेंटिमीटर उमटला पाहिजे, खाली मात्र पाया घट्ट लागला पाहिजे. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडलं तर धूळही बसते. धान काढलेल्या वाफ्यात लगेच जाऊ नका, वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते, आणि बांध तर भलत्याच जागी येतो.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम. सकाळी ऊन चढायच्या आत. खानापूरकडे धुकं असेल तर ते विरू द्या, घोड्याला वासा लांबून दिसायला हवा. जून ते सप्टेंबर सपाटीवरचंच काम करावं. उघड्या मैदानात, चिखलात उडी मारणारा घोडा एकदा घसरला की वर्षभर वाशाकडे संशयाने बघतो.

घोडा बाहेर काढला की आपल्याकडे बघे जमतातच. पोरं कुंपणावर बसतात, कुणी मोबाईल धरून पुढे येतं, कुणी शीळ घालतं. त्यांना हाकलायची गरज नाही, पण कुठे उभं राहायचं ते आधीच सांगा आणि कुत्री बांधायला लावा. पुढे कधीतरी हीच गर्दी घोड्याच्या सवयीची होईल, पहिल्या महिन्यात नको.

सामान

वासे लागतील सहा ते आठ. लांबी ३ ते साडेतीन मीटर, जाडी साधारण १० सेंटिमीटर. सेंटरिंगचं सामान भाड्याने देणाऱ्याकडे निलगिरीचे वासे मिळतात. सरळ बघून घ्या, साल काढा, गाठी तासा, खिळे उपटा. खानापूरचा बांबू स्वस्त आणि जवळ आहे म्हणून मोह होतो. टाळा. तो हलका असतो, खुर लागला की गडगडत पायात येतो आणि फुटला की त्याच्या कामट्या पात्यासारख्या लागतात. प्लॅस्टिकचे पाइपही याच कारणाने नकोत.

रंग द्यायचा तर पांढरा, निळा, पिवळा यांचे पट्टे द्या. घोड्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. हिरवळीवरचा नारिंगी वासा आपल्याला झगझगीत दिसतो, त्याला मात्र गवतातच मिसळलेला वाटतो. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या घोडदौडीत याच कारणाने नारिंगी पट्ट्या काढून पांढऱ्या लावायला घेतल्या.

वासा जमिनीवर घरंगळू नये म्हणून दोन्ही टोकांना साखरेची जुनी पोती वाळूने अर्धी भरून टेकवा. पोत्यांना या पट्ट्यात काय तोटा! सुरुवातीच्या छोट्या उडीला वाशाचं एक टोक पोत्यावर किंवा जुन्या टायरवर टेकवलं तरी भागतं. पुढे स्टँड लागतील. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल, फक्त त्याला तीन गोष्टी बजावा: पाया रुंद पण पायात न अडकणारा, कुठेही टोक किंवा वेल्डिंगचा कोंब वर आलेला नको, आणि वासा ठेवायचा कप उथळ. तळहाताने हलकं ढकललं की वासा पडला पाहिजे. आपला फॅब्रिकेशनवाला गेट आणि ग्रिल करणारा, त्याला मजबूत करायची सवय. वासा अडकून राहील असा खोल कप तो प्रेमाने करून देतो. तो परत करा. पडणारा वासा घोड्याला माफ करतो, न पडणारा वासा घोडा पाडतो. रिकामे कप स्टँडवर कधीही ठेवू नका, मांडीला लागतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वासा ठेवण्याचा प्रकार मी पाहिला आहे; खुर्चीच्या पायांत घोड्याचा पाय गेला तर काय होईल याची कल्पना करा.

घोड्याच्या पुढच्या पायांना टेंडन बूट, आणि मागचा खूर पुढच्या टाचेला लागत असेल तर बेल बूट. डबल ब्रायडल (तोंडात दोन लोखंडी तुकड्यांचा लगाम) खुंटीला राहू द्या, एका तुकड्याचा साधा स्नॅफल पुरे. मानेभोवती रिकिबीचा जुना पट्टा सैल बांधा. हा पट्टा म्हणजे या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. तोल गेला की हात लगामावर न जाता पट्ट्यावर जातो आणि घोड्याच्या तोंडाला झटका बसत नाही.

खोगिराबद्दल थोडं. ड्रेसाजच्या खोगिराची बाजू सरळ आणि सीट खोल असते. रिकीब आखूड केली की गुडघा बाजूच्या पुढे लोंबतो आणि खोगीर मागून ढकलतं. जमिनीवरच्या वाशांना ते चालेल. उडी सुरू करायची तर जंपिंगचं किंवा जनरल पर्पज खोगीर घ्या. कानपूरला बनलेली वापरलेली खोगिरं बऱ्या भावात मिळतात. आतला लाकडी सांगाडा तुटलेला नाही ना आणि घोड्याच्या खांद्यांवर टोचत नाही ना, हे घोड्यावर ठेवूनच पाहा. रिकिबीच्या पट्ट्याची कडी मागून उघडी असावी, म्हणजे पडताना पाय अडकला तर पट्टा निसटतो.

स्वाराला घोडेस्वारीचंच हेल्मेट हवं, हनुवटीचा पट्टा लावून. मोटारसायकलचं किंवा सायकलचं चालत नाही, ती वेगळ्या पडण्यासाठी बनवलेली असतात. छातीचं जाकीट असेल तर फारच चांगलं. आणि एकट्याने कधीही नाही. वासा उचलायला आणि काही झालं तर फोन करायला जमिनीवर एक माणूस हवाच. खानापूरच्या पलीकडे जंगलाकडेला असाल तर फोनला रेंज कुठे मिळते तेही आधी बघून ठेवा.

आधी स्वार

रिकिबी दोन ते तीन भोकं वर घ्या. आता हाफ सीट: टाच खाली, गुडघा मऊ, बूड खोगिरापासून जरासं वर, कंबर मागे, नजर समोर. हात मानेच्या मध्यावर आयाळीत. लगामाला लोंबकळायचं नाही. घोडा उभा असताना करा, मग चालताना, मग ट्रॉटला, मग कँटरला. मैदानाची एक पूर्ण फेरी हाफ सीटमध्ये लगाम न ओढता करता आली की पुढे जा. ड्रेसाजवाल्यांच्या पोटऱ्या पहिल्या आठवड्यात बोंबलतात, ते ठीकच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्वार उडीवर मागे रेलून बसत, पाय पुढे, लगाम ताठ. इटलीच्या घोडदळातला अधिकारी फेडेरिको काप्रिली याने रिकिबी आखूड केल्या, स्वाराला पुढे झुकवलं आणि घोड्याची मान मोकळी सोडली. आज सगळं जग तसंच बसतं. तुम्हाला मात्र ड्रेसाजने सरळ बसायला शिकवलेलं असतं, त्यामुळे वासा जवळ आला की अंग आपोआप मागे जातं आणि हात धरून ठेवतात. ही सवय जाणीवपूर्वक मोडावी लागते. उडीच्या तीन पावलं आधी आयाळ किंवा पट्टा पकडायचा असा नियमच करा.

पायरी पहिली: हातात धरून एक वासा

खोगीर न घालता, हॉल्टरवर (तोंडात लोखंड नसलेल्या मोरखीवर). मैदानात एकच वासा ठेवा आणि त्याच्यावरून चालत जा. घोडा थांबला, वास घेतला, खुराने ठोकरला तरी हरकत नाही. मोतद्दार (घोडा सांभाळणारा) घोडा हाताळत असेल तर इशारे एकच ठेवा. आपल्याकडे मोतद्दार कानडीत ‘निल्लु’ म्हणतो, स्वार ‘हो’ म्हणतो आणि फोनवर पाहिलेला प्रशिक्षक तिसरंच काहीतरी; घोड्याने काय ऐकायचं? एक शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तोच वापरा.

‘मामा, दोरी सैल सोडा की जरा’ हे वाक्य या दिवशी तुम्हाला बऱ्याचदा म्हणावं लागेल. जुने मोतद्दार घोड्याला तोंडाजवळ आवळून धरतात. सैल दोरीवर घोडा स्वतः मान खाली घालून वासा बघतो, आणि आपल्याला हवं ते नेमकं हेच.

पायरी दुसरी: स्वार वर, चालीने आणि ट्रॉटने

चालीने एका वाशावरून, दोन्ही बाजूंनी, मैदानाच्या वेगवेगळ्या जागी. लगाम लांब. हे कंटाळवाणं झालं की एकदम तीन वासे मांडा. दोन मांडू नका. दोन वाशांचा जोड घोड्याला एकच रुंद अडथळा वाटू शकतो आणि तो दोन्हींवरून एकदम झेप घेतो.

चालीसाठी वाशांमधलं अंतर ८० ते ९० सेंटिमीटर. ट्रॉटसाठी १.२० ते १.४० मीटर. टेप नसेल तर आपले जुने तीन हात मोजा, म्हणजे साधारण १.३५ मीटर. लहान चणीच्या मारवाडीला वीतभर कमी करा. घोडा प्रत्येक वाशाच्या मधोमध पाय टाकतोय का हे जमिनीवरच्या माणसाने बघायचं आणि अंतर घोड्याप्रमाणे बदलायचं. घोड्याला अंतराप्रमाणे ताणायचं ते फार पुढचं काम.

रायझिंग ट्रॉटने (तालावर खोगिरातून उठबस करत) या. शेवटच्या वाशानंतरही चार-पाच पावलं सरळ जा, लगेच वळू नका. नीट शिकलेला घोडा इथे एक गंमत करतो: वासे दिसले की पाय उंच उचलून तरंगल्यासारखा ट्रॉट करायला लागतो, जणू परीक्षकाने गुण द्यावेत म्हणून. दिसायला छान असतं, पण त्यात पाठ आवळलेली असते. लगाम अजून लांब करा, मान खाली जाऊ द्या, तो साधा चालू लागेल.

तीन वासे सहज झाले की चार करा, मग एकाआड एक टोक १० ते १५ सेंटिमीटर उचला. उंच-सखल वाशांवरून तालात जाणारा घोडा उडीला जवळजवळ तयार असतो. या पायरीवर दोन आठवडे गेले तरी हरकत नाही, एक महिना गेला तरी नाही.

कँटरचं थोडक्यात: एकच वासा, लांबच्या बाजूला. त्यावरून कँटर करा आणि पाऊल कुठे पडेल याचा विचार सोडा. कधी तो जवळ येईल, कधी लांबून झेपेल. तुम्ही मध्ये पडून पाऊल आखूड करायला लागलात की तो पुन्हा तुमच्या हुकुमावर जातो. तीन वासे मांडायचे तर अंतर २.७ ते ३ मीटरपासून सुरू करा, कारण ड्रेसाजच्या घोड्याचं कँटरचं पाऊल आखूड असतं.

पायरी तिसरी: पहिली उडी

आता फुली. दोन वासे एकमेकांवर तिरपे, मध्यभाग जमिनीपासून ३० सेंटिमीटर, बाजू थोड्या उंच. फुलीचा फायदा असा की घोडा आपोआप मधोमध येतो. तिच्या आधी २.४ ते २.७ मीटरवर जमिनीवर एक वासा ठेवा. त्या वाशावरून ट्रॉटचं पाऊल पडलं की उडीची जागा बरोबर येते. तुम्हाला काही मोजावं लागत नाही.

क्रम असा ठेवा. आधी फुलीचे दोन्ही वासे जमिनीवर पाडून ठेवा आणि ट्रॉटने त्यावरून जा. मग फुली उभी करा. लांबून वळा म्हणजे फुली घोड्याला निदान सात-आठ पावलं आधी समोर दिसेल. ट्रॉट जिवंत असू द्या, पण घाई नको. तीन पावलं आधी पट्टा धरा, पाय पोटाला टेकवून ठेवा आणि नजर फुलीपलीकडच्या झाडावर.

आता तो तीनपैकी एक गोष्ट करेल. फुलीवरून नुसतं मोठं पाऊल टाकून चालत जाईल. उत्तम, ३० सेंटिमीटरला याहून जास्त लागतच नाही. किंवा छान गोल उडी मारेल. किंवा अंगणातला साप चुकवावा तशी मीटरभर उंच झेप घेईल. तिसरं ड्रेसाजच्या घोड्यात फार दिसतं, कारण पाय कुठे ठेवायचा याबद्दल तो अतिकाळजी घेतो. पट्टा त्यासाठीच होता. तोंडाला झटका न देता घोड्याबरोबर खाली या, मान थोपटा, तीच फुली अजून बुटकी करून पुन्हा या. तीन-चार वेळांत त्याला कळतं की एवढ्याची गरज नाही.

उतरल्यावर तो कँटर करेल. करू द्या. कुठल्या लीडवर उतरला हे बघत बसू नका, चुकीचा असेल तर ट्रॉटवर आणून पुन्हा उचला. फ्लाइंग चेंज (कँटर न मोडता लीड बदलणं) शिकलेला घोडा स्वतःच लीड बदलेल. त्याला रागावू नका, त्याने तुमचं काम वाचवलं. सरळ जाऊन हळूच ट्रॉट, मग चाल, मग लांब लगाम.

पहिल्या दिवशी नीट पाच-सहा उड्या झाल्या की थांबा. ‘अजून एक, व्हिडिओ नीट आला नाही’ हे वाक्य जमिनीवरच्या माणसाने उच्चारलं, तर फोन काढून घ्या.

पायरी चौथी: जोडी आणि सरळ वासा

फुली दोन-तीन आठवडे निवांत झाली की तिच्यापुढे ५.५ मीटरवर दुसरा अडथळा ठेवा, आधी जमिनीवरचा वासा, मग दुसरी फुली. ट्रॉटने आत यायचं, पहिली उडी, मध्ये कँटरचं एक पाऊल, दुसरी उडी. इथे घोडा खूप शिकतो, कारण दोन्हींच्या मध्ये तुम्हाला काही सांगायला वेळच नसतो. घोडा मध्ये दोन आखूड पावलं कोंबत असेल तर अंतर थोडं कमी करा. मोठ्या स्पर्धांत कँटरचं पाऊल ३.६ मीटर धरून अंतरं आखतात. ते आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या बुटक्या उड्यांना लावू नका, घोड्याला धावत सुटावं लागेल.

दुसरी फुली मग सरळ वाशात बदला, ४० ते ५० सेंटिमीटर. सरळ वाशाच्या पायाशी जमिनीवर एक वासा, किंचित आपल्या बाजूला, म्हणजे घोड्याला उडीची जागा कळते. तो वासा पलीकडच्या बाजूला कधीही ठेवू नका, घोडा फसून फार जवळ येतो. खाली रंगीत फळी किंवा पोती मांडायची तर आधी त्यांच्या शेजारून चालवून दाखवा.

हौसेसाठी ६० ते ७० सेंटिमीटर भरपूर. त्याच्या वर जायचं असेल तर समोर उभं राहून शिकवणारा माणूस हवा. लेख वाचून ते काम होत नाही, हाही नाही.

काही बिघडलं तर

रेसकोर्सचा घोडा वासे दिसले की सुटतो. तुम्ही ओढता, तो अजून जोर लावतो, आणि शेवटच्या पावलाला दोघंही बेसावध. ओढू नका. अडथळ्याजवळ ट्रॉटवर एक-दोन सर्कल काढा, घोडा नि:श्वास टाकेपर्यंत, आणि मगच सहज वळून आत या. उडीनंतर ३ मीटरवर जमिनीवर एक वासा ठेवला की उतरल्यावर त्याला खाली बघावं लागतं. दर तीन उड्यांमध्ये एकदा नुसतं अडथळ्याशेजारून चालत जा, म्हणजे वासा दिसला की उडीच असं त्याच्या डोक्यात बसत नाही.

थांबणाऱ्या घोड्याचं कारण आधी शोधा. पाठ दुखतेय का, खोगीर टोचतंय का, जमीन घसरडी आहे का, समोरून ऊन डोळ्यांवर येतंय का. यांतलं काही नसेल तर वळू देऊ नका. तोंड अडथळ्याकडेच ठेवा, जमिनीवरच्या माणसाला वासा इतका खाली करायला सांगा की घोडा उभ्या जागेवरून पाय टाकून ओलांडू शकेल, आणि ओलांडायला लावा. चाबूक मारून मोठ्या अडथळ्यावर घालण्याचा प्रकार शर्यतीवाल्यांकडे सोडा. एकाच दिवशी तीनदा थांबला तर त्या दिवशी उडी बंद, आणि डॉक्टरांना फोन.

तिरका उडत असेल तर बहुतेकदा तुम्हीच एका रिकिबीवर जास्त वजन टाकताय. जमिनीवरच्या माणसाला मागून बघायला सांगा. वासे पाडत असेल तर लगेच उंची वाढवून ‘धडा’ देऊ नका. थकला असेल, किंवा अंतर चुकलं असेल.

उडी मारल्यावर एखादी लाथ उडवणं हा आनंद असू शकतो. कान मागे, शेपूट सतत झटकणं आणि पाठ दगडासारखी ताठ, ही दुखण्याची लक्षणं.

किती वेळा, आणि नंतर काय

आठवड्यातून एक दिवस उडी, एक दिवस जमिनीवरचे वासे, बाकी नेहमीचं काम आणि एक दिवस उसाच्या फडांमधल्या गाडीवाटेने नुसती रपेट. उडीच्या दिवशी आधी १५ मिनिटं चाल-ट्रॉट, मग उड्या वीसच्या आत, मग १० मिनिटं लांब लगामावर चाल. पायांवर गार पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी, वैरण टाकण्याआधी, पुढच्या दोन्ही पायांच्या नळीमागची नस हाताने चाचपा. दोन्ही पाय सारखेच गार लागले पाहिजेत. एक गरम किंवा जाड वाटला तर तो लंगडत नसला तरी डॉक्टर बघेपर्यंत उडी नाही आणि कामही नाही.

वासे मैदानात पसरून ठेवू नका. रात्री सुटलेलं जनावर त्यात अडखळतं, शिवाय जमिनीला टेकलेल्या लाकडाला आपल्याकडे महिन्याभरात वाळवी लागते. दोन विटांवर रचून ठेवा, वर जुना पत्रा. आणि सकाळी उचलताना आधी बुटाने उलटून बघा, मग हात घाला. खानापूर भागात वाशाखाली विंचू असतोच.